दोरा पक्का लाव

४ फेब्रुवारी

ताई,

फोन केला की तू "हं, बोल" म्हणतेस आणि मी बोलायला लागले की ठेवून देतेस. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

टिकलीला या वीस तारखेला पाच वर्षं होतील. टिकली म्हणजे तुझ्या भिंगरीची मुलगी, तुझी सख्खी नात. तू तिला अजून पाहिलेलंच नाहीस, म्हणून ओळख करून दिली. तिने हट्ट धरलाय की फुगे हवेत आणि फुग्यांच्या पोटात भेटी हव्यात. दुकानातला नको म्हणते, कारण शेजारच्या मुलीचा दुकानातला फुटला आणि आतून नुसती चमकी निघाली. मग काय, मावशीआजीच्या गळ्यात पडली.

तर सध्या आम्हा चौघांच्या स्वयंपाकघरात दोरीवर कपड्यांऐवजी फुगे वाळतायत. साधा रबरी फुगा फुगवायचा, त्यावर रद्दीच्या पट्ट्या खळीत बुडवून चिकटवायच्या, एक थर वाळला की दुसरा. सगळं कडक झालं की आतल्या फुग्याला टाचणी लावायची आणि तो भोकातून ओढून काढायचा. राहतं ते कागदाचं कवच. त्यात भेटी भरायच्या, भोक बुजवायचं, रंगवायचं आणि टांगायचं. पोरं काठीने फोडतात. जन्मभर वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधली मी, खळ आणि कागद हाताला नवे नाहीत. सगळं घरातलंच: जुनी वर्तमानपत्रं, चपलांच्या खोक्यांचे पुठ्ठे, उसवलेल्या स्वेटरची लोकर.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाचा एक फुगा आहे. टिकलीनेच वाटून दिलेत. बाबाच्या फुग्यात त्याने भाजलेली बिस्किटं, आईच्या फुग्यात गोट्या, माझ्या फुग्यात कागदाच्या बाहुल्या. एक फुगा तुझाही आहे. तो रिकामा आहे.

काहीतरी पाठव गं. मुठीत मावेल एवढं. टाकाऊ असलं तरी चालेल, पण तुझ्या हातचं हवं.

तुझी,
फुगी


९ फेब्रुवारी

फुगे,

लहानपणी जरा काही बोललं की गाल फुगवून दारामागे बसायचीस म्हणून तुला फुगी नाव पडलं. म्हातारपणी नावाला जागलीस हो! पण कधी कुणाला वाटलं नव्हतं की तू त्याचा कारखाना काढशील.

भेट द्यायची तर माणसाने हातात द्यावी आणि "घे" म्हणावं. तुमचं काय, तर आधी हवा भरा, मग हवा काढा, मग भेट भरा आणि मग ती काठीने बडवा. सरळ नाक धरता येत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? वर म्हणे सगळं घरातलंच! अगं, घरातला कचरा कचऱ्याच्या डब्यात टाकतात, त्याला रंग लावून छताला टांगत नाहीत. उद्या केरसुणीला रिबीन बांधशील आणि मला फोटो पाठवशील.

पण तुमच्या त्या घराला हे शोभतंच. पाववाला जावई! तिथे सगळं फुगवूनच खायची पद्धत. पीठ काय नि फुगा काय.

आणि भिंगरीचं मला सांगू नकोस. जी पोरगी अख्खं मैदान मागे टाकून पहिली येत होती, ती शेवटच्या वळणावर माझ्या डोळ्यांदेखत गवतावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. निवड व्हायची होती तिची त्या शर्यतीत! मी शिट्टी मारतेय, मारतेय, बाईसाहेबांनी मान वर केली नाही. सगळी शाळा बघत होती. पी.टी.च्या बाईंची मुलगी, आणि बसली गवतावर.

घर सोडताना काय म्हणाली ते तू दारामागून ऐकलंसच, कारण दारामागे तू असतेसच. "ती शिट्टी गळ्यातून उतरव, मग मला हाक मार." मला अट घालते! शाळेतून निवृत्त झाले तरी मी ती उतरवली नाही. सकाळी फिरायला जाते तेव्हा गळ्यात असते, आणि उलट्या बाजूने येणारा स्कूटरवाला अजूनही तिला टरकतो.

आजीचा फुगा रिकामाच राहू दे. रिकामा फुटला तर कुणाला लागत नाही.

ताई


१२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि त्याच्या पट्ट्या केल्या. बाकी काही असो, तू कागद चांगला जाड वापरतेस, खळ झकास धरतो. आजीच्या फुग्याला तुझ्याच पत्राचा थर दिलाय. "कचऱ्याच्या डब्यात" हे शब्द नेमके वर आले होते, त्यांच्यावर निळा रंग मारला.

मी काही फुगून बसलेली नाही. बसायला वेळ कुठे आहे?

काल टिकली स्टुलावर उभी राहून एकेका फुग्याला कान लावत होती. तुझ्या फुग्याजवळ आली, हलवून बघितलं, म्हणाली, "यात काहीच वाजत नाही." मी म्हटलं, अजून यायचंय. तर म्हणते, "आजी पण यायचीय का?" भिंगरी तिथेच पाव कापत होती. तिची सुरी थांबली. तो पाव नंतर इतका वेडावाकडा कापला की तुझ्या जावयाने गिऱ्हाइकाला न देता घरीच ठेवून घेतला.

तुझी लेक तुझ्यासारखीच आहे. कुणी आधी हाक मारायची यावर दोघी अडून बसला आहात, आणि मधल्या मधे मी मरते.

हे बघ, तू नाही पाठवलंस तर मी तुझ्या नावाने दुसरं काही भरणार नाही. लबाडी मला जमत नाही. रिकामाच टांगेन. पोरीने सगळ्यांसमोर काठी मारावी आणि आतून काही पडू नये, हेच तुला हवं असेल तर तसं कळव.

फुगी


१५ फेब्रुवारी

फुगे,

लबाडी जमत नाही म्हणे! लहानपणी माझी पेन्सिल चोरून माझ्यासोबत शोधायला लागायचीस ते कोण गं?

टाकाऊ हवंय ना तुला? घे. कपाटाचा खालचा खण तसाच्या तसा पिशवीत उपडा केलाय. बाटल्यांची झाकणं, एकट्या राहिलेल्या मोज्यांचं कुटुंब, पिसं झडलेली बॅडमिंटनची फुलं, बंद पडलेलं स्टॉपवॉच, शाळेच्या संमेलनातले "स्वयंसेवक" लिहिलेले बिल्ले. भर तुझ्या फुग्यांचं पोट आणि कर टाकाऊतून टिकाऊ. नातीला म्हणावं, आजीने खण झाडला तेव्हा तुझी आठवण काढली.

पिशवीत एक पुडी आहे. तिच्यावर लिहिलंय. तिच्यातल्याचं काय करायचं ते तुला वेगळं सांगायला नको. दोरा पक्का लाव, तुझा तो नेहमीचा मेण लावलेला. आणि वेळ लावू नकोस.

ताई


२१ फेब्रुवारी

ताई, ताई, ताई!

कुठून सुरुवात करू? तू मोठी आहेस, खरंच मोठी आहेस. मी तुला मनातल्या मनात काय काय म्हणाले होते ते सगळं मागे घेते.

काल बाकीचे फुगे एका फटक्यात फुटले. बिस्किटं पडली, गोट्या घरंगळल्या, बाहुल्या पोरांनी पळवल्या. तुझा मात्र, तू सांगितल्याप्रमाणे मेणाचा दोरा लावून टांगलेला, फुटेना! टिकलीने मारलं, शेजारच्या पोरांनी मारलं, तुझ्या जावयाने लाटण्याने हाणलं. तुझ्या पत्राचा कागद तो, सहजासहजी हार मानतोय होय? शेवटी भिंगरीने खाली काढला आणि त्यावर पाय दिला.

आधी झाकणं बाहेर पडली, मग ते "स्वयंसेवक"चे बिल्ले. पोरांनी लगेच छातीला लावले. मग पुडी पडली आणि सुटली, आणि तुझी शिट्टी गडगडत टेबलाखाली गेली.

टिकली सूर मारून खाली शिरली आणि तिथूनच तिने ती फुंकली. काय आवाज गं तो! सगळं घर जागच्या जागी उभं. भिंगरीच्या हातातली बशी खाली गेली. म्हणाली, "आईने उतरवली?" मी म्हटलं, "मग काय मी उतरवली? पुडी बांधून पाठवलीय, वर स्वतःच्या अक्षरात लिहून. मनापासून दिलीय बाई तिने." मग ती फरशीवर बसली आणि रडली. इतकी रडली की टिकली घाबरून शिट्टी वाजवायची थांबली. मग टिकलीने सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं आणि टेबलाभोवती पळवायला सुरुवात केली, तेव्हा भिंगरी तशीच डोळे पुसत हसायला लागली.

ती तुला लिहिणार आहे. मला म्हणाली, "मावशी, तिने तिचं केलं, आता मी माझं करते."

फुगी


२१ फेब्रुवारी

फुगे,

पुडी अजून परत आली नाही. एका दोरीला गाठ मारायची तर किती दिवस लागतात? की तिलाही खळ लावून वाळत घातलीस?

इथे माझी काय दशा आहे तुला कल्पना नाही. आज सकाळी तो स्कूटरवाला पुन्हा उलटा आला. मी सवयीने छातीशी हात नेला तर हाताला नुसतं बटण! तोंडाने ओरडले तर "नमस्कार बाई" म्हणून हात हलवत गेला मेला. मी या रस्त्यावर इतकी वर्षं काढली, पण कुणाची मला नमस्कार करायची हिंमत झाली नव्हती.

ताबडतोब पाठव.

ताई


२५ फेब्रुवारी

फुगे!

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. तुझं वाचून मी खुर्चीत बसले ती चहा गार होईपर्यंत उठले नाही.

बाई गं, पुडीवर काय लिहिलं होतं? "फुगे". मी तुला जन्मापासून कोणत्या नावाने हाक मारते? "फुगे". हाक होती ती! "अगं फुगे, ही माझी शिट्टी, दोरी तुटलीय, तुझा मेणाचा दोरा लावून परत दे", एवढा सगळा अर्थ होता त्या एका शब्दात. आणि तू वाचलंस काय, तर "फुग्यांसाठी"! स्वतःचं नाव स्वतःला वाचता येईना? पुस्तकं नुसती बांधलीस वाटतं, उघडून एकही पाहिलं नाहीस. दोरा पक्का लाव असं पत्रात लिहिलं होतं, तो तू कशाला लावलास? फुगा टांगायला! धन्य आहे!

आणि वर "मनापासून दिलीय". कुणी विचारलं होतं तुला माझ्या मनाचं? मी काही उतरवलेली नाही. दोरी कुजली आणि तुटली. मी न केलेल्या कामाची शाबासकी घेत नाही, शाळेतही कधी घेतली नाही. आजच्या आज भिंगरीला खरं काय ते सांग, आणि शिट्टी पाठवून दे.

थांब. आज नको सांगूस. वाढदिवसाच्या धावपळीने दमली असेल पोरगी.

फरशीवर बसून रडली म्हणतेस. गार फरशीवर? तिला लगेच खोकला होतो. लक्ष कुणाचं असतं तिथे?

हे बघ, खरं तर सांगायलाच हवं. पण खरं कळल्यावर ती पुन्हा तोंड फिरवेल, आणि तुझ्या मूर्खपणापायी मी दोनदा लेक घालवायची का? एकदा गेली तेव्हा माझी मान ताठ होती, निभावलं. आता काय करू ते तूच सांग. सगळं तूच करून ठेवलंयस.

आणि ती लहान पोरगी शिट्टी गाल फुगवून फुंकते का? तसं फुंकू नये. दम लागतो.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

चोराच्या उलट्या बोंबा! नुसतं "फुगे" लिहायचं आणि समोरच्याने त्यात आख्खं पत्र वाचायचं! पत्रात माझ्या नावापुढे स्वल्पविराम असतो, पुडीवर का नव्हता? फुगे भरायला बसलेल्या बाईच्या हातात "फुगे" लिहिलेली पुडी पडली तर ती काय समजेल? मी ती उघडलीसुद्धा नाही, जशीच्या तशी आत ठेवली.

मी भिंगरीला काही सांगणार नाही. तुझी शिट्टी, तुझी लेक. वाटल्यास तूच तिला लिही की दोरी तुटली होती, चुकून आली, तुझं रडणं फुकट गेलं, परत कर. पाकिटावर तिकीट मी लावते.

लिहिशील? मला माहीत आहे, नाही लिहिणार.

गाल फुगवूनच फुंकते. दम लागतो, मग खाली बसते आणि बसल्या बसल्या फुंकते.

फुगी


३ मार्च

आई,

सकाळपासून घरात टिकलीची शिट्टी चालू आहे. तिच्या बाबाला भट्टीतून पाव काढायला उशीर झाला, शिट्टी. मी घटकाभर टेकले, शिट्टी. "ऊठ, बसायचं नाही!" कुठून शिकली कुणास ठाऊक. रक्तातच असावं.

मावशी शपथेवर सांगते की तू मनापासून उतरवून पाठवलीस आणि तिने पुडी उघडलीही नाही. पण खोटं बोलताना मावशी खळ ढवळायला लागते, आणि त्या दिवशी भांड्यात खळ नव्हती तरी ती ढवळत होती. ती पुडीही मी बघितली. तू पुडी बांधतेस ती कागद मुरगाळून, लिमलेटच्या गोळीसारखी. या पुडीचे चारही कोपरे पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखे मुडपलेले होते. मावशीने ती उघडली, आत काय आहे ते बघितलं, आणि पुन्हा बांधून फुग्यात घातली.

शिट्टीच्या कडीत तुटकी दोरीही तशीच होती, तुझ्या गाठीसकट. देऊन टाकायची वस्तू कुणी तुटक्या दोरीसकट देत नाही. तुला दोरी बदलून हवी होती, एवढंच.

रडले तेव्हा मला हे कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं. आधी राग आला, मग दिवसभर एकटीच हसत होते. गिऱ्हाइकं विचारत होती काय झालं.

तुला वाईट वाटू नये म्हणून नाही, खरं तेच लिहिते. मी म्हटलं होतं शिट्टी गळ्यातून उतरव, मग हाक मार. उतरली. तू उतरवलीस, दोरी कुजली की मावशीने हात मारला, त्याची चौकशी मी करत नाही. मी शब्द फिरवत नाही. तुझीच मुलगी आहे.

टिकली ती पोस्टाने पाठवू देणार नाही. हवी असेल तर येऊन माग.

भिंगरी


७ मार्च

भिंगरे,

शिट्टी न्यायला येते आहे. फक्त शिट्टी. उगाच दुसरं काही मनात आणू नकोस.

शनिवारी दुपारच्या गाडीने पोचेन. स्टेशनवर कुणी यायची गरज नाही. आलातच तर एका ओळीत उभे राहा, म्हणजे मला शोधत बसावं लागणार नाही. जावयाला सांग, पाव ताजा असला तर खाईन, फुगवलेला असला तरी. आणि तू गार फरशीवर बसत जाऊ नकोस. गवतावर बसलीस तेव्हाही गवत ओलं होतं, मी शिट्टी मारत होते ती तुला हेही सांगायला.

टिकलीला गाल फुगवू देऊ नकोस. दम पोटातून यायला हवा. हे पत्रात कळायचं नाही, मला समोर उभं राहून दाखवावं लागेल, आणि एका दिवसात जमणारी गोष्ट नाही ती.

फुगीशी मी बोलणार नाही, तेव्हा निरोप तूच दे. तिला म्हणावं, लबाडे, पेन्सिलचोर, तुला ओळखून आहे मी. सांगितलेला दोरा अजून लावलेला नाहीस, तो शनिवारच्या आत लाव. मेणाचा, पक्का. फक्त माप माझ्या गळ्याचं घेऊ नकोस म्हणावं. टिकलीच्या गळ्याचं घे.

आई